‘नो प्रोटेक्शन’ला रीमिक्स म्हणू नका

मॅसिव्ह अटॅक या इंग्लिश बँडचा ‘प्रोटेक्शन’ हा अल्बम तुम्ही ऐकलेला आहे असं धरून चालतो. ब्रिस्टलची मंडळी, साल १९९४, आधीच्या ‘ब्लू लाइन्स’ अल्बममधली गायिका शारा नेल्सन सोडून गेलेली आणि आता गायला ट्रेसी थॉर्न, निकोलेट, होरेस अँडी. घोळ होतो तो १९९५ साली आलेल्या ‘नो प्रोटेक्शन’चा, म्हणजे याच अल्बमच्या ‘डब’ आवृत्तीचा (डब म्हणजे काय ते पुढे येतंच). कोणी त्याला रीमिक्स अल्बम म्हणतं, कोणी ‘व्होकल काढलेलं व्हर्जन’. एका मित्राने तर ‘हे कराओकेसाठी आहे का?’ असं विचारलं होतं. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

किरकोळ फरक आधी उरकतो. मूळ अल्बममध्ये १० गाणी, यात ८. ‘युरोचाइल्ड’ आणि ‘लाइट माय फायर’ गायब (दुसऱ्याचं मला तरी काही दुःख नाही). क्रम बदललाय, नावंही बदललीत: ‘कार्माकोमा’चं ‘बंपर बॉल डब’, ‘वेदर स्टॉर्म’चं चक्क ‘कूल मान्सून’. हा उद्योग करणारा मॅड प्रोफेसर, म्हणजे नील फ्रेझर, जन्माने गयानाचा, लंडनमध्ये ‘अरीवा’ हा त्याचा स्टुडिओ. झालं.

आता खरी मेख. ‘डब’ म्हटलं की आपल्याला साउथचा सिनेमा आठवतो: मूळ नटाचा आवाज काढायचा, दुसऱ्याचा चिकटवायचा. जमैकन डबचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि रीमिक्सशीही फारसा नाही. रीमिक्सवाला बहुतेक वेळा गाण्यातला आवाज उचलतो आणि त्याच्याखाली स्वतःचा ठेका, स्वतःचे सूर नव्याने बांधतो. म्हणजे तो भर घालतो. डबवाला मूळ टेपच मिक्सरला लावतो. ड्रम एका चॅनलवर, बास दुसऱ्यावर, आवाज तिसऱ्यावर. मग टेप फिरत असताना तो काढत जातो. गिटार बंद, आवाज बंद, फक्त बास चालू. मध्येच एक शब्द उघडायचा, एकोमध्ये, म्हणजे घुमणाऱ्या प्रतिध्वनीत, ढकलायचा आणि लगेच झाकायचा. हे सगळं हाताने, त्या क्षणी. तीच टेप उद्या पुन्हा लावली तर वेगळंच काहीतरी निघेल. ज्याने ही विद्या घडवली तो जमैकातल्या किंग्स्टनचा किंग टबी मुळात रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस होता, हे लक्षात घेतलं की मिक्सरलाच वाद्य समजण्याचं नवल वाटत नाही.

शीर्षकगीत दोन्हीकडचं लागोपाठ लावून बघा. मूळ गाण्यात ट्रेसी थॉर्न अगदी शेजारी बसून गाते. त्याच्या डबमध्ये, ‘रेडिएशन रूलिंग द नेशन’मध्ये, रेकॉर्डिंग तेच, पण ती खोलीच्या पार पलीकडच्या टोकाला गेलीय. ओळ सुरू होते, अर्ध्यात फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली येतो, आणि त्या ओळीचं शेपूट घुमत घुमत विरतं. रिकाम्या झालेल्या जागेत बास पाय पसरून बसतो. आवाज ‘काढलेला’ नाही. तो कधी येईल याची वाट बघायला लावलंय.

म्हणून सगळीकडे डबच भारी, असंही नाही. ‘बेटर थिंग्ज’ची सगळी गंमत थॉर्न शेवटपर्यंत संथपणे गाते त्यात आहे, तिचा डब ‘मूव्हिंग डब’ मी बहुतेक वेळा गाळून पुढे जातो. पण ‘स्पायिंग ग्लास’ची गोष्ट निराळी. ते मुळात होरेस अँडीचंच जुनं रेगे, म्हणजे जमैकन ढंगाचं, गाणं. मॅसिव्ह अटॅकने त्याला ब्रिस्टलचं पाणी पाजलं, मॅड प्रोफेसरने ‘आय स्पाय’ करून परत माहेरी पोचवलं. हे मला मूळ अल्बममधल्यापेक्षा केव्हाही सरस वाटतं.

आणि ‘यात काही होतच नाही’ म्हणणारे हटकून मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असतात. त्या स्पीकरमधून हा बास येतच नाही. हेडफोन लावा, मग बोलू.