द्वेषमूलक गुन्हा

व्यक्तीची जात, धर्म, वंश, भाषा किंवा लिंगभाव यांवरून तिला लक्ष्य करून केलेला गुन्हा. ही संज्ञा अमेरिकेत साधारणतः १९८० च्या दशकात रुळली. भारतीय कायद्यात या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. नागपुरात, किंबहुना विदर्भभर, जातीवरून झालेल्या अशा गुन्ह्याला लोक ‘ॲट्रॉसिटी’ म्हणतात. हा शब्द अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ वरून आला.

मुख्य वाद हेतूचा आहे. एका मतानुसार आरोपीच्या मनातला द्वेष सिद्ध व्हायला हवा. दुसऱ्या मतानुसार ओळख पाहून माणूस निवडला, एवढे पुरे. अधिनियमाच्या कलम ३(२) मधील खंड पाच पूर्वी पहिल्या मताकडे झुकलेला होता : दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेचा गुन्हा, पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ घडलेला असावा लागे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर (अंमल २६ जानेवारी २०१६) ती तशी आहे हे आरोपीला ‘माहीत असणे’ पुरते.

जुन्या शब्दांची किंमत खैरलांजीत (जि. भंडारा) कळली. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथे एका बौद्ध घरातील आई, मुलगी व दोन मुलगे मारले गेले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. ॲट्रॉसिटी मात्र लावली नाही. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षे कैद दिली आणि हत्येमागे सूड आहे, जातद्वेष नव्हे, हे मत कायम ठेवले. सूड आणि जात अशा वेगळ्या काढता येत नाहीत, असे अनेक अभ्यासक मानतात. तेच अधिक सयुक्तिक दिसते. आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात त्या आई-मुलीने आरोपींची नावे घेतली होती. त्याचा राग कुणालाही येईल. पण तेवढ्यासाठी बाईसह तिची मुले संपवता येतात, हे धाडस जातीच्या उतरंडीतून येते.

घाव एका घरावर बसतो आणि वस्त्यावस्त्यांत दुखतो. हत्येनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी विजयादशमी होती. दीक्षाभूमीवरील धर्मांतराचे ते पन्नासावे वर्ष. नोव्हेंबरात नागपुरात लोक रस्त्यावर उतरले.

एकट्या पीडितावरचा परिणाम कमी नोंदला गेला आहे. जातिवाचक शिवीगाळीच्या फिर्यादीत नेमका शब्द लागतो, आणि तो इतरांच्या देखत उच्चारला गेला होता हेही दाखवावे लागते. म्हणजे ज्या शब्दाने अपमान झाला, तोच फिर्यादीला ठाण्यातल्या टेबलासमोर स्वतःच्या तोंडाने सांगावा लागतो, पुढे न्यायालयात पुन्हा एकदा.