पायाखोदाईत अनपेक्षित खडक, गाळ, पाणी: जादा रक्कम आणि मुदतवाढीचा अर्ज कसा करावा

सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावल-रावेरच्या पट्ट्यात, बोअरमध्ये (निविदेआधी जमीन तपासायला घेतलेल्या छिद्रात) माती दिसते आणि खोदताना मोठाले दगडगोटे निघतात. तापीकाठी गाळाचा थर इतका जाड की खडकाच्या भरवशावर आखलेला पाया टेकतच नाही. साक्री-नंदुरबारकडे दोन बोअरच्या मधून डाईक (जुन्या खडकात घुसलेली टणक दगडाची उभी भिंत) गेलेला असला, तर एकाच खांबाचा अर्धा पाया टणक दगडावर आणि अर्धा मुरमावर येतो.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-1 (टक्केवारी दराच्या) आणि बी-2 (बाबनिहाय दराच्या) करारांत अशा जमिनीसाठी वेगळे कलम नसते. उलट ठेकेदाराने जागा पाहूनच दर भरला, असे धरले जाते. त्यामुळे अर्ज कलम 14 (जादा बाबीचा दर), 38 (वाढलेले परिमाण) आणि 6 (मुदतवाढ) यांच्या आधारे करावा लागतो.

पात्र कोण? आधी निविदेतल्या खोदाईच्या बाबीचे शब्द वाचा. 'सर्व प्रकारच्या स्तरांत खोदाई' असे लिहिले असेल, तर खडकाचा दावा जवळजवळ संपलाच. 'पाणी उपशासह' असेल, तर पंपाचे भाडे वेगळे मागता येत नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी आले किंवा काळी माती लागली, हे खान्देशात कारण म्हणून कोणी ऐकणार नाही. बोअर लॉगमध्ये (बोअरमधल्या थरांच्या नोंदीत) दाखवलेल्या खोलीपेक्षा काळी माती किती खाली गेली, ते आकड्यांत सांगावे लागते.

स्तर बदलला की त्या पातळीला खोदाई थांबवा आणि पीसीसी (पायातले साधे काँक्रीट) टाकू नका. झाकलेल्या पायाचे माप नंतर कोणी मान्य करत नाही. बहुतेक दावे इथेच बुडतात. त्याच दिवशी उपअभियंत्याला पत्र द्या, प्रत कार्यकारी अभियंत्याला द्या आणि दोन्हींवर आवक क्रमांक घ्या. मोबाइलवर फोटो पाठवणे म्हणजे कळवणे नव्हे. पत्रात साखळी (कामाच्या सुरुवातीपासूनचे अंतर) किंवा खांब क्रमांक, जमिनीची पातळी, स्तर बदलल्याची पातळी, बोअर लॉग काय सांगतो, प्रत्यक्ष काय लागले आणि कोणती यंत्रे थांबली, हे लिहा. संयुक्त पाहणीची मागणीही त्यातच करा.

पाहणीत मुरूम आणि कठीण खडक यांच्या सीमेवरच्या पातळ्या लेव्हल बुकात घेऊन दोघांच्या सह्या कराव्यात. गोटे मातीत मिसळलेले असतील, तर त्यांचे चट्टे (नीट रचलेले ढीग) रचून, मधली पोकळी वजा करून मोजतात. चट्टे हलवण्याआधी मापन पुस्तकात नोंद हवी.

आता दराचे. जादा बाब करारात किंवा दरसूचीत (विभागाच्या ठरलेल्या दरांच्या यादीत) नसेल, तर लेखी आदेश मिळाल्यापासून 7 दिवसांत आपला दर कळवावा, असे कलम 14 सांगते. दर ठरण्याआधी काम सुरू केले, तर अभियंता ठरवेल तोच दर मिळतो आणि वाद झाल्यास अधीक्षक अभियंत्याचा निर्णय चालतो. घाईत ब्रेकर (खडक फोडण्याचे यंत्र) लावणाऱ्यांना हेच महागात पडते. खड्डा ढासळत असेल तर आधार जरूर द्या, पण त्याच दिवशी कळवा. बाब निविदेतलीच असून परिमाण 25 टक्क्यांहून अधिक वाढले, तर त्यापुढच्या परिमाणाचा दर कलम 38 प्रमाणे ठरतो.

मुदतवाढीचा अर्ज वेगळा. अडथळा आल्यापासून 30 दिवसांत किंवा कामाची मुदत संपण्यापूर्वी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, तो कलम 6 खाली द्यायचा. शेवटच्या बिलासोबत जोडलेला अर्ज उशिराचाच ठरतो.

सोबत जोडायची कागदपत्रे: कार्यारंभ आदेश, निविदेतले बोअर लॉग, संयुक्त पाहणीचा पंचनामा, पातळ्यांच्या नोंदी, तारखेचे फोटो, दर विश्लेषण, ब्रेकर व पंपाच्या तासांची रोजची नोंद आणि डिझेलची बिले. फुगणाऱ्या मातीचा मुद्दा असेल तर आयएस 2720 भाग 40 प्रमाणे फ्री स्वेल (माती पाण्यात किती फुगते त्या) चाचणीचा अहवाल हवा.

परदेशी कर्जाचे काम फिडिक (सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) करारावर असेल, तर मार्ग सोपा आहे पण घड्याळ कडक. 1999 च्या रेड बुकात (फिडिकच्या बांधकाम कराराच्या नमुन्यात) कलम 4.12 थेट अनपेक्षित जमिनीच्या विषयाचे आहे. हवामान मात्र त्यात धरलेले नाही. सूचना 28 दिवसांत, सविस्तर दावा 42 दिवसांत. 2017 च्या आवृत्तीत सविस्तर दाव्याला 84 दिवस मिळतात, सूचनेची मुदत तीच.

बी-1, बी-2 मध्ये अधीक्षक अभियंत्याने दावा नाकारला, तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत मुख्य अभियंत्याकडे अपील करता येते. अपिलात नवे मुद्दे घालण्यापेक्षा पहिल्याच दिवशीच्या पत्राची पोच आणि सह्या झालेल्या पातळ्या पुढे ठेवा.