साइट लेआउट आणि सेफ्टी प्लॅन: एका फाइलमधले दोन वेगळे कागद

मोठ्या इमारतीचं काम सुरू होण्याआधी ठेकेदाराकडून दोन कागद मागितले जातात. पहिला साइट लेआउट. गेट कुठे, टॉवर क्रेन कुठे, स्टील यार्ड, सिमेंटचं गोदाम, लेबर कॅम्प, ऑफिस, गाड्यांचा रस्ता कुठे, हे सगळं त्यात येतं. दुसरा सेफ्टी प्लॅन. कोणत्या कामात काय धोका आहे, धोक्याच्या कामाचं परमिट म्हणजे लेखी परवानगी कोण देणार, हार्नेसचा (उंचीवर काम करताना अंगाला बांधायच्या पट्ट्याचा) हूक कशाला अडकवायचा, काही झालंच तर माणसाला बाहेर कसं काढायचं, हे त्यात असतं. दोन्ही कागद एकाच फाइलला लागतात आणि सह्याही बहुधा त्याच माणसांच्या असतात. त्यामुळे साइटवर बरेच जण दोन्ही एकच धरून चालतात. लेआउटवर लाल रंगात अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटीच्या खुणा केल्या की सेफ्टी झाली, असं मानणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत. हेल्मेट, जॅकेट, टूलबॉक्स टॉक (काम सुरू होण्याआधी सुरक्षेबद्दल दिलेली छोटी सूचना) सगळं चोख आहे, म्हणून लेआउटकडे कुणी फिरकतही नाही, अशा साइट्स तर त्याहून जास्त.

एक कागद भरभक्कम असला आणि दुसरा नुसता नावाला, तर काय होतं ते पुण्यातल्या दोन घटनांमधून नीट कळतं.

29 जून 2019 ची रात्र. कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत मुसळधार पावसात कोसळली. पलीकडे खालच्या अंगाला बांधकामाची साइट होती आणि भिंतीच्या पायथ्याशी कामगारांची पत्र्याची घरं. भिंत, तिच्यामागची माती आणि वर उभ्या असलेल्या गाड्या, सगळं त्या पत्र्यांवर आलं. 15 जणांचा जीव गेला, त्यांत लहान मुलंही होती. बहुतेक जण बिहारमधल्या कटिहार जिल्ह्यातले होते. वेळ मध्यरात्रीनंतरची, सगळे झोपेत. आता सेफ्टी प्लॅनची पानं उलटून बघा. त्यातल्या कुठल्या कलमाने ही माणसं वाचली असती? झोपलेल्या माणसाला हेल्मेट नसतं, झोपायला परमिट लागत नाही, आणि त्या वेळी तिथे कुठलंच काम चालू नव्हतं. इथे प्रश्न एकच उरतो: राहण्याची घरं त्या भिंतीखाली का होती? हा प्रश्न लेआउटचा आहे. त्यानंतर तीनच दिवसांत आंबेगावला तसंच घडलं. भिंत पडली, खाली कामगारांच्या झोपड्या होत्या, सहा जण गेले.

दुसरी घटना येरवड्यातल्या शास्त्रीनगरची, 3 फेब्रुवारी 2022 ची. तीही रात्रीच घडली, पण काम चालू असताना. लोखंडी सळयांची जाळी कोसळली आणि पाच कामगार गेले. तेही बिहारचेच. जाळी तिथे असणं चुकीचं नव्हतं, ती जिथे बांधायची तिथेच बांधली जात होती. लेआउट कितीही हुशारीने आखला तरी सळया दुसरीकडे नेता येत नाहीत.

असं काम जवळून पाहिलं की सेफ्टी प्लॅन नेमका कशासाठी असतो ते कळतं. जाड राफ्टमध्ये (इमारतीखालच्या सलग काँक्रीटच्या पायात) सळयांच्या दोन जाळ्या असतात, एक तळाशी आणि एक वर. वरची जाळी पेलायला मध्ये सळई वाकवून केलेल्या चेअर उभ्या करतात. राफ्ट जाड असला की त्या माणसाच्या कमरेएवढ्या किंवा त्याहूनही उंच होतात. वर जाळीचं वजन, त्यावर क्रेनने उतरवलेले सळयांचे बंडल, त्यावर फिटर लोक, आणि आतल्या पोकळीत वाकून तारा पिळणारे आणखी चौघं-पाचजण. उभा भार चेअर पेलतात. पण आडवा धक्का बसला आणि तिरके आधार वेल्ड केलेले नसले की एक चेअर कलते, तिच्या मागून शेजारची, आणि अख्खी जाळी एका बाजूला झोपते. म्हणून विचारायचे प्रश्न असे: चेअरचा व्यास आणि अंतर कुणी मोजून ठरवलं? तिरके आधार ड्रॉइंगमध्ये आहेत की फिटरच्या मर्जीवर सोडले आहेत? बंडल एकाच जागी उतरवायचे नाहीत हे क्रेनवाल्याला सांगितलं का? आणि वर बंडल उतरत असताना आत माणूस असू द्यायचा का? यातला एकही प्रश्न नकाशावर दाखवता येत नाही. ही सगळी उत्तरं कामाच्या क्रमात आणि माणसांच्या हालचालीत असतात.

थोडक्यात, लेआउट जागा ठरवतो आणि सेफ्टी प्लॅन काम. माणसाचा आणि धोक्याचा संबंध येणारच नाही अशी सोय जिथे होऊ शकते, तिथे ती लेआउटने करायची असते. जिथे माणसाला धोक्याजवळ जावंच लागतं, तिथे सेफ्टी प्लॅनचं काम सुरू होतं. दुर्दैवाने आपल्याकडे पहिल्याची भरपाई दुसऱ्याने करायची पद्धत पडली आहे. गाड्या आणि पायी चालणारे एकाच गेटमधून जातात म्हणून तिथे शिट्टीवाला उभा करतात. ट्रान्झिट मिक्सरला (काँक्रीट आणणाऱ्या गाडीला) वळायला जागा नाही म्हणून तो अख्खा रस्ता उलटा जातो, आणि त्याच्यामागे हात हलवत एक पोरगा चालतो. गाडी एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल असा रस्ता सुरुवातीलाच आखला असता, तर त्या पोराला चाकामागे उभंच राहावं लागलं नसतं.

लेबर कॅम्प भिंतीलाच का जातो, हेही सांगायला हवं, कारण त्यामागे कुणाचा दुष्टपणा असतोच असं नाही. शहरातला प्लॉट लहान असतो. तळघराचं खोदकाम जवळजवळ हद्दीपर्यंत जातं. मधली जागा इमारत आणि क्रेन घेतात. रस्त्याकडची, सगळ्यांत चांगली जागा सेल्स ऑफिस, सॅम्पल फ्लॅट आणि ग्राहकांच्या पार्किंगला जाते. मग हद्दीला लागून चिंचोळी पट्टी उरते. तिच्या एका बाजूला शेजाऱ्याची जुनी भिंत, दुसऱ्या बाजूला आपलाच खड्डा. नेमके तिथेच पत्रे उभे राहतात. माझं मत स्पष्ट आहे. अशा प्लॉटवर लेबर कॅम्प नकोच. जवळ जागा भाड्याने घ्यावी, गाडीने माणसं आणावीत आणि तो खर्च पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात धरावा. साइटवर कॅम्प ठेवायचाच असेल, तर भिंतीपासून निदान तिच्या उंचीइतकं अंतर ठेवावं, आणि भिंत माती अडवणारी असेल तर त्याहून जास्त. अंतर मोजताना भिंतीची उंची खालच्या बाजूने घ्यायची. सोसायटीच्या अंगाने छातीपर्यंत दिसणारी भिंत साइटच्या अंगाने दोन मजली असू शकते.

कायद्यातही दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सापडतात, फक्त तशी नावं दिलेली नाहीत. 1996 च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्यात पिण्याच्या पाण्याची जागा मुतारी, शौचालय आणि धुण्याच्या जागेपासून सहा मीटरच्या आत नसावी असं म्हटलं होतं. 50 हून अधिक महिला कामगार असतील तर लहान मुलांसाठी पाळणाघराची खोली हवी होती, तात्पुरत्या घरांना स्वयंपाकाची, आंघोळीची आणि शौचाची वेगळी सोय हवी होती. हा सरळसरळ लेआउट आहे. त्याच कायद्यात 500 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत सेफ्टी कमिटी आणि सेफ्टी ऑफिसर असावा असंही कलम होतं. ही झाली सेफ्टीची व्यवस्था. आता त्या कायद्याची जागा घेतलेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने बांधकामातल्या सेफ्टी ऑफिसरसाठी हा आकडा 250 वर आणला, ते चांगलंच झालं. पण पाळणाघर खड्ड्याच्या काठावर नको, हे कुठल्याही आकड्यात बसत नाही. ते नकाशा काढणाऱ्यालाच सुचायला हवं.

काही गोष्टी मात्र दोन्ही कागदांत येतात आणि खरी गफलत तिथेच होते. टॉवर क्रेन घ्या. ती कुठे उभी करायची हे लेआउट ठरवतो. बरेच जण नकाशावर ती जिथे माल उचलणार तेवढाच भाग रंगवतात. पण काम बंद असताना क्रेनचा हात वाऱ्याबरोबर फिरेल असा मोकळा सोडावा लागतो, नाहीतर वादळात अख्ख्या क्रेनवर ताण येतो. म्हणजे तो हात रात्रीत कुठेही फिरू शकतो, शेजारच्या इमारतीवर, रस्त्यावर, दुसऱ्या क्रेनच्या वाटेत. नकाशावर पूर्ण वर्तुळच काढायला हवं. हुकाची खिटी, स्लिंगची (माल बांधून उचलायच्या दोराची) तपासणी, क्रेनवाल्याला इशारे देणारा सिग्नलमन कोण, किती वाऱ्याला काम थांबवायचं, हे सगळं सेफ्टी प्लॅनमध्ये जातं. पण कॅम्प त्या वर्तुळात असेल, तर सिग्नलमन कितीही तयारीचा असो, तो सगळं सांभाळू शकत नाही.

खोदकामाचंही तसंच. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा नियमांनुसार उपसलेली माती चराच्या काठापासून दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, यातलं जे जास्त असेल तेवढी, लांब टाकायची असते. तीन मीटर चर असेल तर दीड मीटर, पाच मीटर असेल तर अडीच. ही जागा लेआउटमध्ये राखली नसेल, तर पोकलेनवाला माती काठावरच टाकणार. त्याला दुसरीकडे टाकायला सांगायचं तरी कुठे? त्याच नियमांत 1.2 मीटर किंवा जास्त खोल चरात दर 30 मीटरला एक शिडी हवी आणि ती काठाच्या वर निदान 90 सेंटिमीटर आलेली असावी असं आहे. शिडी जागेवर आहे का, हे रोज सकाळी माणूस आत उतरण्याआधी बघायचं असतं, आणि ते काम सेफ्टीवाल्याचं.

कामगारांच्या लिफ्टचं उदाहरण थोडक्यात. 10 सप्टेंबर 2023 ला ठाण्याच्या बाळकुममध्ये 40 मजली इमारतीत बांधकामाची लिफ्ट कोसळून सात जण गेले. वॉटरप्रूफिंगचं काम संपवून ते खाली येत होते. लिफ्ट इमारतीच्या कोणत्या बाजूला लावायची हे लेआउटमध्ये असतं, पण ती धरून ठेवणारे दोर, ब्रेक आणि तपासणी यांचं उत्तर सेफ्टीच्या कागदातच शोधावं लागतं.

माझ्या मते गोंधळाचं मूळ वेळेत आहे. लेआउट पहिल्या पंधरवड्यात पक्का होतो. तो प्लॅनिंग इंजिनिअर आणि प्रोजेक्ट मॅनेजर मिळून काढतात, बहुधा ऑफिसात बसून. सेफ्टी ऑफिसर येतो तेव्हा पत्रे उभे असतात, क्रेनचा पाया ओतलेला असतो, गेट लागलेलं असतं. मग त्याच्या हाती उरतात बोर्ड, दंडाची पावती आणि सकाळचं भाषण. त्याला पहिल्या बैठकीलाच बोलावलं, एवढा एक बदल केला, तरी निम्मं काम हलकं होईल. दुसरं म्हणजे लेआउट एकदा काढून भिंतीवर टांगायचा कागद नाही. खोदकामाचा, स्ट्रक्चरचा आणि फिनिशिंगचा, असे किमान तीन लेआउट हवेत. शिवाय मे महिन्यात पावसाळ्यासाठी वेगळा, ज्यात पाणी कुठून येणार, कुठे साचणार आणि कुठल्या भिंतीमागे मुरणार हे दाखवलेलं असेल. तो काढताना शेजारच्या सोसायटीच्या माणसालाही सोबत घ्यावं, कारण त्यांच्या बाजूने भिंतीला तडा गेला आहे का, पाणी जायची भोकं बुजली आहेत का, हे आपल्या बाजूने दिसत नाही.

आपल्या साइटवर कुठला कागद कच्चा आहे हे शोधायला बाहेरचा ऑडिटर लागत नाही. अपघातांची आणि थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची वही काढा. त्यात 'कुठे' आणि 'काय करताना' असे दोन रकाने वेगळे भरा. माणसं वेगळी, कामं वेगळी, पण जागा तीच येत असेल, उदाहरणार्थ स्टील यार्डाजवळचं वळण किंवा होइस्टचं (बांधकामाच्या लिफ्टचं) तोंड, तर तिथे आणखी बोर्ड लावून उपयोग नाही. रस्ता, यार्ड किंवा दार हलवावं लागेल. जागा बदलत असेल पण काम तेच येत असेल, जसं शटरिंग काढताना किंवा परांची उतरवताना, तर नकाशाला हात लावायची गरज नाही. त्या टोळीच्या मुकादमाला घेऊन बसा, कामाचा क्रम पुन्हा लिहा, आणि दुसऱ्या दिवशी ती टोळी काम सुरू करेल तेव्हा स्वतः तिथे हजर राहा.