फ्लोअरवरचे नव्वद सेकंद: कोलांट्यांमध्ये नाच आला कुठून?

नागपुरात शाळकरी मुलींची जिम्नॅस्टिक्स स्पर्धा पाहायला बसलं की पालकांमधून एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "पोरगी एवढ्या छान कोलांट्या मारते, मग मधेच नाचायला कशाला लावता?" मुलांच्या फ्लोअरला, म्हणजे मोकळ्या पृष्ठभागावरच्या कसरतीला, तर संगीतसुद्धा नसतं. प्रश्न रास्त आहे, पण उत्तरासाठी जवळपास शंभर वर्षं मागे जावं लागतं.

१९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिला जिम्नॅस्ट पहिल्यांदा पदकासाठी उतरल्या, त्याही फक्त संघ म्हणून. एकटीच्या कसरतीला पदक मिळायला १९५२चं हेलसिंकी उजाडावं लागलं. त्याच हेलसिंकीत आणि १९५६ला मेलबर्नमध्ये आणखी एक प्रकार होता: हातात साधन घेऊन, संगीताच्या तालावर अख्ख्या संघाने केलेली कसरत. पहिल्या खेपेला ती स्वीडनने जिंकली, दुसऱ्या खेपेला हंगेरीने. पुढे हा प्रकार ऑलिम्पिकमधून गेला, पण चेंडू, रिंग आणि रिबन घेऊन होणारं रिदमिक जिम्नॅस्टिक्स त्याच्याच जवळचं. ते १९८४ला ऑलिम्पिकमध्ये आलं.

त्या काळच्या पंचांना आणि पदाधिकाऱ्यांना बाईचा व्यायाम डोळ्यांना सुंदर दिसायला हवा होता. ताकद दिसली तर ते अशोभनीय. म्हणजे नाच आला तो अट म्हणून, आणि हे स्पष्ट बोललंच पाहिजे. पण खेळाडूंनी त्या अटीचं जे केलं ते थक्क करणारं आहे. हंगेरीच्या अ‍ॅग्नेस केलेटीने दुसऱ्या महायुद्धात खोट्या कागदपत्रांवर मोलकरीण म्हणून राहून जीव वाचवला होता. वयाच्या ३१व्या वर्षी ती पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या फ्लोअरवर उतरली आणि सुवर्ण घेऊन गेली. ३५व्या वर्षी मेलबर्नला तिने ते पुन्हा जिंकलं, या वेळी सोव्हिएत संघाच्या लारिसा लातिनिनाच्या बरोबरीने. लातिनिना लहानपणी बॅले शिकलेली. १९६० आणि १९६४चं फ्लोअरचं सुवर्णही तिचंच. सोव्हिएत संघाने पुढे हा धागा सोडला नाही. बॅलेची तालीम हा त्यांच्या मुलींच्या रोजच्या सरावाचाच भाग झाला.

१९६८मध्ये मेक्सिको सिटीत चेकोस्लोव्हाकियाच्या व्हेरा चास्लावस्काने मेक्सिकोच्याच लोकनृत्याची धून घेतली आणि प्रेक्षकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. काही आठवड्यांपूर्वीच तिच्या देशात सोव्हिएत रणगाडे शिरले होते. सुवर्णपदक सोव्हिएत खेळाडूबरोबर वाटून घ्यावं लागलं, तेव्हा त्यांचं राष्ट्रगीत वाजत असताना तिने मान वळवली.

तेव्हाच्या चित्रफिती पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी पियानोच ऐकू येतो. १९७६ला माँट्रियलमध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेचीचं फ्लोअरही पियानोवरच झालं. तिची रचना गेझा पोझार या नृत्यदिग्दर्शकाची होती. नादियाचं नाव घराघरात पोचलं, पोझारचं मात्र आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. १९८१मध्ये तो प्रशिक्षक बेला आणि मार्ता कारोली यांच्याबरोबर अमेरिकेतच राहिला, आणि रुमानियात घडलेली ही कला अशी समुद्रापार गेली.

मोठा बदल २००६मध्ये झाला. १०पैकी १० गुणांची जुनी पद्धत गेली. कठीणपणाचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे मोजले जाऊ लागले, त्यातही कठीणपणाला वरची मर्यादा राहिली नाही. साहजिकच सगळ्यांचा ओढा टम्बलिंगकडे, म्हणजे कोलांट्या-उड्यांकडे वळला. नियमांनी नाच धरून ठेवला आहे: फ्लोअरवर मोजल्या जाणाऱ्या आठ घटकांत किमान तीन नृत्याचे हवेत, आणि लीपची (नृत्यातल्या झेपेची) एक जोडी अशी हवी की त्यातल्या एकीत पाय हवेत पूर्ण १८० अंश फाकलेले दिसतील. हाव-भाव कमी पडले, ताल सुटला, तरी सफाईतून गुण जातात. पण हिशेब पाहा. पडलं तर पूर्ण १ गुण जातो, भाव कमी पडला तर ०.१. सरावाचा वेळ कुठे घालायचा हे प्रशिक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही. त्यातूनच एका पायावर उकिडवं बसून गरगर फिरण्याची टूम निघाली. गुण मिळतात, पण नाच म्हणून ती मला कधीच भावली नाही. स्पेनच्या एलेना गोमेझने ताठ उभ्याने चार गिरक्या घेतल्या होत्या. ती गिरकी नियमपुस्तकात तिच्या नावाने आहे. अवघड आणि सुंदर एकत्र नांदू शकतं, ते असं.

आता आपल्याकडे या. २०१६ला रिओमध्ये दीपा कर्माकर व्हॉल्टमध्ये चौथी आली, १५.०६६ गुण, कांस्य फक्त ०.१५० गुणांनी हुकलं. २०१८ला मेलबर्नच्या विश्वचषकात अरुणा रेड्डीने कांस्य आणलं. टोकियोला प्रणती नायक गेली. तिघींची ओळख व्हॉल्टची. व्हॉल्टला ना संगीत, ना नाच, धाव आणि उडी मिळून सगळं काही सेकंदांत संपतं. पाळण्यातल्या लेकराला टाळ्यांवर नाचवणाऱ्या या देशातल्या मुली पदकाजवळ पोचल्या त्या नाच नसलेल्या साधनावर, ही गोष्ट मला सतत टोचते. कारणं उघड आहेत. व्हॉल्टला एक उडी घोटता येते. फ्लोअरला स्प्रिंगचा १२ बाय १२ मीटरचा पृष्ठभाग लागतो, आणि वर नृत्य बसवणारं माणूसही लागतं.

नागपुरात असं माणूस सापडणं अवघड नसावं. धरमपेठेत भरतनाट्यम, कथकचे वर्ग आहेत, दोरीच्या मल्लखांबावर मुली वर्षानुवर्षं घडताहेत. पण सकाळी जिम्नॅस्टिक्सला जाणारी मुलगी संध्याकाळी नृत्याच्या वर्गाला क्वचितच दिसते, आणि दोन्हीकडचे गुरू एकमेकांना ओळखतही नाहीत. मी पाहिलेल्या बऱ्याच मुलींचं संगीत स्पर्धेच्या आठवडाभर आधी कुणाच्या तरी मोबाइलवर कापलं गेलं. धून संपली की पाय थांबवायचे, एवढीच त्यांची संगीताशी ओळख.

ब्राझीलच्या रेबेका आंद्रादेने टोकियोत फावेला वस्त्यांमधलं फंक संगीत फ्लोअरवर आणलं, आणि २०२४ला पॅरिसमध्ये अमेरिकेच्या सिमोन बाइल्सला मागे टाकून फ्लोअरचं सुवर्ण जिंकलं. नियमाची अट एकच: गाण्याला शब्द नकोत, असले तर १ गुण कापतात. कोजागिरीच्या आसपास विदर्भातल्या मुली भुलाबाईची जी गाणी म्हणतात, त्यांच्या चाली शब्दांशिवायही ओळखू येतात. संबळाच्या ठेक्यावर घेतल्या तर नव्वद सेकंदांत सहज बसतील.