क्राऊन-पिनियनच्या आकड्यामागचा इतिहास

गाडी उंच करून तिला मोठे टायर चढवले, की पहिल्याच पावसाळ्यात घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढाला क्लचचा वास येऊ लागतो. पूर्वी क्लच सोडला की निघणारी गाडी आता हाफ क्लचवर ओढत न्यावी लागते. मुरबाडच्या पुढे माळशेजची चढण लागली की टॉप गिअर नावापुरता उरतो. अशा गाडीची क्लच प्लेट कितीदा बदलली तरी तक्रार परत येते, कारण दुखणं मागे डिफरन्शियलच्या हौसिंगमध्ये, म्हणजे अॅक्सलच्या मधल्या गोळ्यात, आहे. तिथल्या क्राऊन-पिनियनचा (मोठ्या आणि लहान दातेरी चाकांच्या जोडीचा) रेशो कंपनीने एका ठरावीक टायरसाठी निवडलेला असतो. टायर बदलला की तो हिशेब मोडतो. हे आकडे मुळात कुठून आले ते पाहिलं, तर नवा आकडा निवडणं बरंच सोपं जातं.

रेशो म्हणजे क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते. ४३ आणि ८ दात्यांची जोडी असेल तर ५.३८, ३९ आणि ८ ची ४.८८, ४१ आणि १० ची ४.१०. चाकाचा एक फेरा व्हायला प्रॉपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सकडून अॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याला) तेवढे फेरे मारावे लागतात. आकडा मोठा तशी ओढ जास्त, आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही जास्त.

वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलचं पेटंट फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकरने १८२७ साली घेतलं, तेव्हा मोटारगाडी यायची होती. अॅक्सलचं आजचं रूप घडलं ते १९२०च्या दशकात. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या ग्लीसन कंपनीने हायपॉइड दाते कापायची पद्धत आणली आणि पॅकार्डने ती आपल्या मोटारींत लगेच वापरली. हायपॉइडमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसतं. त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट खाली जातो आणि एका वेळी जास्त दाते एकमेकांत गुंततात. मात्र हे दाते एकमेकांवर घसरतही असतात, आणि ते घर्षण साधं तेल सोसत नाही. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० लागतं ते म्हणून. (तेच तेल जुन्या जीपच्या गिअरबॉक्समध्ये ओतू नका, गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या सिन्क्रोच्या पितळी रिंगांना ते बाधतं.)

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबी जीपला ६.००-१६ टायर आणि ४.८८चा अॅक्सल होता. १९४५ साली त्याच जीपची नागरी आवृत्ती सीजे-२ए आली. टायर तेच राहिले, रेशो मात्र ५.३८ झाला, कारण ही गाडी शेतकऱ्याला नांगर आणि ट्रेलर ओढण्यासाठी विकायची होती. फरक किती पडला ते पाहा. एमबीत पहिला गिअर २.६६५, ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या अॅक्सलना वाटणाऱ्या पेटीचा) जास्त ओढीचा लो १.९७ आणि अॅक्सल ४.८८ यांचा गुणाकार साधारण २५.६ येतो. सीजे-२एमध्ये २.७९८, २.४३ आणि ५.३८ मिळून ३६.६. आकाराने जवळजवळ तेवढंच इंजिन, पण लो रेंजमध्ये चाकावरची ओढ दीडपटीच्या आसपास. शिवाय ही वाढ एकट्या अॅक्सलने दिलेली नाही. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि अॅक्सल अशा तीन ठिकाणी ती वाटलेली आहे. ही वाटणी पुढे कामाला येते.

भारतात महिंद्राने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत माझगावला विलिसची जुळणी सुरू केली. उंच बॉनेटची सीजे-३बी इथे अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त काळ बनत राहिली, आणि ५.३८ तिच्यासोबत आपल्या रस्त्यांवर रुजलं. शहापूर, मुरबाड, जव्हारकडच्या काळी-पिवळी जीप दुप्पट माणसं भरून घाट चढल्या त्यात या आकड्याचा मोठा वाटा. सपाट हायवेवर मात्र हेच ५.३८ अंगावर येतं.

इंजिनाचे फेरे काढायचं सूत्र लक्षात ठेवण्यासारखं आहे: ५३०५ गुणिले ताशी वेग, गुणिले चालू गिअरचा रेशो, गुणिले अॅक्सल रेशो, भागिले टायरचा व्यास मिलिमीटरमध्ये. ६.००-१६ टायर साधारण ७२५ मिमीचा. ताशी ८० किमीला, थेट टॉप गिअरवर, म्हणजे गिअरचा रेशो १ असताना, ५.३८ला ३१५० फेरे येतात आणि ४.८८ला २८६०. कमी फेऱ्यांवर ओढणाऱ्या, ट्रॅक्टरच्या कुळातल्या इंटरनॅशनल डिझेलला ३१५० फेरे मानवत नाहीत. जीपमध्ये डिझेल आल्यावर अॅक्सलचे आकडे खाली का सरकले, याचं उत्तर या हिशेबात मिळतं.

आता त्याच ५.३८च्या जीपला ३१ इंची, म्हणजे ७८७ मिमीचे टायर लावा. ८० किमीला फेरे २९०० होतात. गाडी जणू ४.९६ रेशोची झाली, म्हणजे सैन्याच्या ४.८८च्या अगदी शेजारी जाऊन बसली. हायवेसाठी मंद म्हणून उतरवून ठेवलेलं ५.३८ मोठ्या टायरवर पुन्हा योग्य ठरतं. सुस्थितीतली जुनी जोडी भंगारात घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. बसवण्याआधी पिनियनचे आणि अॅक्सल शाफ्टचे स्प्लाइन (टोकावरच्या खाचा) मात्र मोजून घ्या. एकाच घराण्यातल्या हौसिंगमध्ये १० स्प्लाइन आणि त्याहून बारीक, असे दोन्ही प्रकार सापडतात.

सुझुकीची वाट थोडी वेगळी. डिसेंबर १९८५मध्ये आलेली मारुती जिप्सी ही एसजे४१०ची लांब आवृत्ती. तिच्या ट्रान्सफर केसमध्ये हाय रेंजलाही, म्हणजे नेहमीच्या वापरातही, सुमारे १.५८चं रिडक्शन असतं, पुढच्या एसजे४१३मध्ये ते १.४०९ झालं. म्हणून जगभर सुझुकीवाले मोठ्या टायरसाठी क्राऊनला हात न लावता जुनी ट्रान्सफर केस बसवतात. दोन्ही अॅक्सलना एकदम १२ टक्के जास्त ओढ मिळते आणि शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) लावायची कटकट टळते. तोटा असा की वाढलेला टॉर्क प्रॉपेलर शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचा सांधा) आणि पिनियन या सगळ्यांतून जातो. क्राऊन बदलला तर तो फक्त अॅक्सलच्या आत वाढतो. अवजड टिपरमध्ये म्हणूनच आणखी पुढे जाऊन चाकाच्या हबमध्येच रिडक्शन देतात.

अमेरिकेत कंपनीने स्वतःच हा हिशेब पुरा केला तो २००३च्या रँग्लर रुबिकॉनमध्ये: ३१ इंचाच्या आसपासचे टायर, ४.१०चे अॅक्सल आणि ट्रान्सफर केसचा लो सरळ ४:१.

आपल्याकडे आकडा निवडताना सुरुवात सध्याचा रेशो खात्रीने जाणून घेण्यापासून करावी. जुन्या गाडीत आधी कोणी काय बदललंय याचा भरवसा नसतो. गाडी न्यूट्रलमध्ये, मागची दोन्ही चाकं हवेत, गाडी स्टँडवर पक्की. प्रॉपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची रेघ मारा. एक चाक कोणीतरी घट्ट धरायचं, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं. शाफ्टचे फेरे मोजा: पाच होऊन रेघ पाव आणि अर्ध्याच्या मध्ये थांबली तर ५.३८, चारच्या जरा पुढे थांबली तर ४.१०. दोन्ही चाकं एकत्र जखडणारं लॉक नसलेल्या डिफरन्शियललाच ही युक्ती लागू पडते.

टायरचा व्यासही छापील आकड्यावर सोडू नका. टायरवर खूण करून गाडी एक फेरा पुढे ढकला, जमिनीवरचं अंतर मोजा आणि ३.१४ने भागा. भार आल्यावरचा खरा व्यास छापील व्यासापेक्षा कमी भरतो. जुना-नवा दोन्ही टायर याच पद्धतीने मोजले तरच तुलना खरी.

मग जुना रेशो गुणिले नवा व्यास भागिले जुना व्यास. ४.१०च्या गाडीला २९ऐवजी ३२ इंची टायर आले तर ४.५२ येतं, बाजारात मिळणारी जवळची जोडी ४.५६. मोठा टायर वजनानेही जड असतो आणि उंच गाडीला वारा जास्त अडतो, म्हणून हिशेबापेक्षा किंचित वरचा आकडा घ्यावा, खालचा नको. फरक पाच-सहा टक्क्यांच्या आत असेल तर मात्र डिफरन्शियल उघडूच नका. २०२०च्या थारचा २५५/६५ आर१८ सुमारे ७८९ मिमीचा. त्या जागी २८५/७० आर१७, म्हणजे ८३१ मिमी, घातला तर फरक ५.३ टक्के. टर्बो डिझेलला तो फारसा जाणवत नाही. २०१०च्या थारच्या २३५/७० आर१६वरून ३३ इंचीवर गेलात तर १४ टक्के, तिथे जोडी बदलावीच लागते.

पुढचा आणि मागचा अॅक्सल एकाच वेळी करायचा. फक्त मागचा बदलून ‘पुढचा दिवाळीनंतर’ म्हटलं, तर तोपर्यंत फोर बाय फोर लावायचंच नाही. कोरड्या रस्त्यावर दोन वेगळे रेशो एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस किंवा शाफ्ट जातो. डाना ४४ या अॅक्सलमध्ये ३.७३पर्यंत एक कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) आणि ३.९२पासून वर दुसरा लागतो, हेही खरेदीआधी पाहा. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून येत असेल, तर टायर आणि क्राऊन एकाच प्रमाणात बदलल्यावर काटा आपोआप खरा होतो. वेग चाकाच्या सेन्सरवरून घेतला जात असेल तर क्राऊनने काही फरक पडत नाही, टायरसाठी कॅलिब्रेशन लागतंच.

कायद्याची बाजूही समजून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनुसार कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालत नाही. ठाण्याची एमएच-०४ असो की नवी मुंबईची एमएच-४३, उंची आणि टायर तपासणीत डोळ्यांना दिसतात.

बसवताना जोडी फोडायची नाही. क्राऊन आणि पिनियनवर कोरलेला नंबर एकच हवा. पिनियनची खोली शिमने, मग पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (घट्टपणा), मग बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी. दात्यांना रंग लावून फिरवल्यावर ठसा दात्याच्या मधोमध, अंड्यासारखा लांबट उमटला पाहिजे. तो दात्याच्या माथ्याकडे सरकला तर पिनियन क्राऊनपासून लांब आहे, मुळाशी रुतला तर जास्त आत. ठसा न बघता बंद केलेलं हौसिंग ६० किमीच्या पुढे कण्हायला लागतं. गाडी उंच केल्यावर प्रॉपेलर शाफ्टच्या बदललेल्या कोनामुळेही थरथर येते. लोक तिचा दोष क्राऊनला देतात, म्हणून आधी कोन तपासावा.

पहिली फेरी पाम बीच रोडसारख्या सपाट रस्त्यावर २५-३० किमी, भार नाही, जोरात ओढणं नाही, मग हौसिंग पूर्ण गार होऊ द्या. ८०० किमीला तेल बदला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, बारीक लगदा दिसला तर दाते बसताहेत. बोटाला टोचणारी कपची सापडली तर नवं तेल भरण्याआधी कव्हर उघडा.