ट्रॅक-टू संवाद

दहशतवाद, सीमातंटे, अण्वस्त्रे अशा नाजूक विषयांवर वैरी देशांतील निवृत्त राजदूत, माजी लष्करी व गुप्तचर अधिकारी, अभ्यासक आणि पत्रकार यांच्यात होणारी बिनसरकारी चर्चा. सरकारांमधील अधिकृत बोलणी म्हणजे ट्रॅक-वन. अमेरिकी राजनैतिक अधिकारी जोसेफ माँटव्हिल यांनी १९८१ मध्ये ही संज्ञा मांडली. प्रथा त्याहून जुनी. शीतयुद्धाच्या दोन्ही गोटांतील शास्त्रज्ञ १९५७ पासून पगवॉश परिषदांत भेटतच होते.

अशा बैठका बहुधा ‘चॅटम हाउस नियमा’ने चालतात. लंडनच्या या संस्थेत १९२७ मध्ये ठरलेल्या नियमानुसार बैठकीत कळलेली माहिती बाहेर वापरता येते, पण ती कोणी दिली हे उघड करता येत नाही. वर्दीत असताना जे ओठांवर आणता आले नसते ते माजी सेनाधिकारी इथे बोलून दाखवू शकतो. अर्थात तिथल्या शब्दाला कोणी बांधीलही नसते, आणि खरी अडचण तीच.

भारत-पाकिस्तानचे ठळक उदाहरण म्हणजे राजस्थानातील नीमराणा किल्ल्यात १९९१ मध्ये सुरू झालेला संवाद. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर सरकारी संवादप्रक्रिया थांबली. तज्ज्ञांच्या गाठीभेटी मात्र त्रयस्थ देशांत चालू राहिल्या. त्यातून धोरण बदलले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. समोरची बाजू काय सहन करील आणि काय नाही, याचा अंदाज येतो, एवढे खरे.

यशाचा दाखला म्हणून ओस्लोचे नाव हमखास घेतले जाते. जानेवारी १९९३ मध्ये नॉर्वेत दोन इस्रायली प्राध्यापक पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या प्रतिनिधींना भेटले आणि सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनला करारावर सह्या झाल्या. मात्र त्या प्राध्यापकांच्या पाठीशी इस्रायलचे उपपरराष्ट्रमंत्री योसी बेइलिन होते आणि मे महिन्यापासून सरकारी अधिकारी स्वतःच चर्चेत उतरले होते, हे सांगायचे बऱ्याचदा राहून जाते.

दहशतवादाच्या चर्चेत गाडी व्याख्येपाशीच अडते. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडलेला सर्वंकष कराराचा मसुदा याच वादात रखडला आहे. म्हणून अनुभवी संयोजक व्याख्या बाजूला ठेवून दहशतवाद्यांचा पैसा, सीमेवरील गस्त, लष्करी हॉटलाइन असे विषय आधी घेतात.