हुंग राजांचा स्मृत्युत्सव

व्हिएतनामी लोकांचे आद्य पूर्वज मानल्या गेलेल्या हुंग राजांच्या श्राद्धतिथीचा उत्सव. व्हिएतनामी नाव ‘झो तो हुंग वुओंग’. तो चांद्र पंचांगाच्या तिसऱ्या महिन्यातील दहाव्या दिवशी, म्हणजे शुक्ल दशमीच्या सुमारास (बहुधा एप्रिलमध्ये) येतो. मुख्य स्थान उत्तर व्हिएतनाममधील फू थो प्रांतात, व्हिएत त्रीजवळच्या न्गिया लिन्ह टेकडीवर (उंची सु. १७५ मी.) आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत खालचे, मधले व वरचे अशी मंदिरे असून वरच्या मंदिराशेजारी हुंग राजाची म्हणून एक समाधी दाखवतात.

कथेनुसार नागवंशी लाक लोंग क्वान व पर्वतवासी अप्सरा आउ को यांना शंभर अंड्यांतून शंभर पुत्र झाले. पन्नास पित्याबरोबर समुद्राकडे व पन्नास मातेबरोबर डोंगरात गेले. ज्येष्ठ पुत्र पहिला हुंग राजा झाला. त्याच्या राज्याचे नाव वान लांग.

या राजांची ऐतिहासिकता विवाद्य आहे. न्गो सी लिएन या इतिहासकाराने १४७९ मध्ये सादर केलेल्या राजदरबारी बखरीत वंशाचा आरंभ इ. स. पू. २८७९ व अंत इ. स. पू. २५८ असा दिला आहे. लाक लोंग क्वान व त्याचा पिता हे दोन पूर्वज धरून या २,६२२ वर्षांत वीसच कारकिर्दी बसतात. दर कारकिर्दीस सरासरी १३० वर्षांहून अधिक काळ येतो, म्हणून हे कालमापन आज सहसा कोणी अक्षरशः घेत नाही. चौदाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या एका संक्षिप्त इतिहासात मात्र वंशाचा आरंभ चीनच्या चौ घराण्यातील च्वांग राजाच्या काळी (इ. स. पू. ६९६–६८२) सांगितला आहे. काशाच्या नगाऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या दोंग सोन संस्कृतीच्या काळाशी हा त्यातल्या त्यात जुळतो. फ्रेंच पंडित आंरी मास्पेरो यांनी १९१८ मध्ये ‘हुंग’ हे नावच ‘लाक’ (तिथल्या प्राचीन लोकांचे नाव) या चिनी अक्षराच्या लेखनदोषातून आल्याचे सुचवले. जुन्या चिनी ग्रंथांत दोन्ही पाठ आढळतात. अनेक व्हिएतनामी अभ्यासक ‘हुंग’ हा नायकवाचक स्थानिक शब्दाचे चिनी लिप्यंतर मानतात. इतिहासकार लियम केली (२०१२) यांच्या मते ही कथा मध्ययुगीन विद्वानांनी चिनी साहित्याच्या आधारे रचली. कथेच्या लिखित रूपापुरते हे मत सबळ वाटते. टेकडीवरील ग्रामदैवतपूजेचे मूळ त्याने उलगडत नाही.

पूजेच्या राजमान्यतेचा पुरावा म्हणजे देवस्थानातील हुंग राजांची वंशावळ. ती १४७० मध्ये रचल्याचे मानतात. सध्याची तिथी अर्वाचीन आहे. पूर्वी यात्रेकरू वर्षभर, विशेषतः शरदात, येत व स्थानिक गावकरी तिसऱ्या महिन्याच्या अकराव्या दिवशी पूजा करीत. खाय दिन्ह बादशहाच्या कारकिर्दीत, १९१७ मध्ये, राजदरबाराने आदला दिवस शासकीय पूजेसाठी ठरवला. गावकऱ्यांची पूजा तिच्यामागून येऊ लागली. १९४६ मध्ये हो चि मिन्ह सरकारने त्या दिवशी कर्मचाऱ्यांना रजा दिली. २००७ पासून ती पगारी राष्ट्रीय सुटी आहे. फू थोमधील हुंगपूजेची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद २०१२ मध्ये झाली.

उत्सवाचे दोन भाग पडतात : शासनप्रतिनिधींचा धूपार्पण विधी, आणि आसपासच्या गावांच्या पालख्यांची मिरवणूक व यात्रा. नैवेद्यात चौकोनी बान्ह चुंग (चिकट भात, मूगडाळ व डुकराचे मांस पानांत गुंडाळून उकडलेले) आणि गोल बान्ह झाय हे भाताचे पदार्थ असतात. पहिला पृथ्वीचे, दुसरा आकाशाचे प्रतीक समजतात. कथेत लांग लिएउ हा गरीब राजपुत्र याच दोहोंनी गादी मिळवतो. टेट या नववर्षसणालाही ते करतात. याच प्रांतातील सोआन गीते वसंतात ग्रामदेवळांतून गातात. युनेस्कोने २०११ मध्ये ती तातडीच्या संरक्षणाच्या यादीत घातली होती, २०१७ मध्ये प्रातिनिधिक यादीत हलवली.